आधी घोड्यांना पाणी



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.
जोडीला: महाभारत, द्रोणपर्व, जयद्रथवधाचा दिवस.

"ताई, मी रोज एक माळ जप करते. संध्याकाळी हरिपाठ म्हणते. तरी सकाळी उठवत नाही, कशातच मन लागत नाही. माझी भक्तीच खोटी आहे का?"

परवा एका मुलीने मला हे विचारलं. मग थोडं थांबून, जरा चाचरत, अजून एक विचारलं. "आणि पटकन बरं वाटेल असं काही असतं का हो?"

या दुसऱ्या प्रश्नाची तिला लाज वाटत होती. अध्यात्मात 'पटकन' म्हणजे पळवाट, असं आपल्याला वाटतं ना! पण मला दोन्ही प्रश्न अगदी खरे वाटले. दीड वर्षापूर्वी मलाही हेच पडले होते, फक्त विचारायची हिंमत नव्हती. आजच्या दोन श्लोकांत दोन्हींचं उत्तर आहे. चला, बघूया.

श्लोक काय सांगतात?

सहावा अध्याय ध्यानाचा. भगवंतांनी नुकतंच सांगितलंय की जागा स्वच्छ असावी, आसन फार उंच नको, फार खाली नको, पाठ-मान सरळ ठेवावी, नजर इकडेतिकडे फिरू देऊ नये. आपण सरसावून बसतो. वाटतं, आता समाधीचं काहीतरी गूढ ऐकायला मिळणार. आणि भगवंत बोलायला लागतात जेवणाबद्दल आणि झोपेबद्दल!

सोळाव्या श्लोकाचा साधा अर्थ असा: जो फार खातो त्याला योग साधत नाही, आणि जो अजिबात खात नाही त्यालाही साधत नाही. जो फार झोपतो त्याला नाही, आणि जो सतत जागतो त्यालाही नाही.

सतराव्यात भगवंत पाच गोष्टी मोजून सांगतात. आहार, विहार म्हणजे हिंडणं-फिरणं, कामातली धडपड, झोप आणि जाग. या पाचही गोष्टी ज्याच्या 'युक्त' असतात, त्याचा योग दुःख घालवणारा होतो.

'युक्त' हा इथला कळीचा शब्द. युक्त म्हणजे बेताचं, त्या त्या वेळेला शोभेल असं. आमटीत मीठ जसं. कमी पडलं तर आमटी पाणचट, जास्त झालं तर तोंडात घालवत नाही. ज्ञानेश्वरीत या जागी माउली जेवण तर मोजून घ्यायला सांगतातच, शिवाय बोलणं आणि चालणंही बेताचं ठेवायला सांगतात, आणि झोपेला तिच्या वेळी तिचा मान द्यायला सांगतात. झोपेचा मान! आपण रात्री दीड वाजता रील्स बघत जिला ताटकळत ठेवतो, तिचा मान.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. 'दुःख घालवणारा' हा शब्द भगवंतांनी कुठे वापरला? जेवणखाण, फिरणं, काम, झोप आणि जाग यांच्या शेजारी. म्हणजे त्या मुलीचा दुसरा प्रश्न गीतेला हलका वाटलेला नाही.

आणि पहिला प्रश्न? त्यासाठी पहिल्या अध्यायात जाऊ. अर्जुन तिथे स्वतःची अवस्था सांगतो. हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंग थरथरतंय, धनुष्य हातातून निसटतंय, कातडीची आग होतेय, उभं राहवत नाही, डोकं गरगरतंय. घाबरून गेलेल्या माणसाच्या शरीराचं इतकं नेमकं वर्णन आजच्या डॉक्टरांनाही ओळखीचं वाटेल. हे सगळं होत होतं तेव्हा देव त्याच्यापासून किती लांब होता? एका रथाएवढा. लगाम धरून पुढ्यातच बसला होता.

देव इतका जवळ असूनही अर्जुनाचे हातपाय गळाले. मग आपले गळाले तर आपली भक्ती खोटी कशी? भगवंतांनी त्याला झापलं, समजावलं, सगळं केलं. पण 'तू माझा खरा मित्रच नाहीस' असं म्हणाले नाहीत. सहाव्याच अध्यायात पुढे अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखं अवघड आहे. त्यावर भगवंत आधी कबूल करतात की हो, अवघड आहे खरं. मग अभ्यासाचा, म्हणजे पुन्हापुन्हा करत राहण्याचा उपाय सांगतात. आणि थोड्या वेळाने त्याला 'तात' म्हणतात. बापाने लेकराला म्हणावं तसं.

अनुभूती नव्हती, उपास होता

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगायला फारशी गोड नाही.

बाबा पावसाळ्यात गेले, अचानक. तेरावं झालं आणि मी गावाहून पुण्याला माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर परत आले. ऑफिसचं काम घरूनच होतं, त्यामुळे दिवसदिवस दाराबाहेर पाऊल पडायचं नाही. रात्री तीनपर्यंत फोन, सकाळी मीटिंगच्या पाच मिनिटं आधी उठायचं. नाश्ता म्हणजे चहा. जेवण म्हणजे आणखी चहा, नाहीतर रात्री अकराला मॅगी.

मनात सारखं यायचं की माझं दुःख मोठं आहे, तर उपायही मोठाच हवा. म्हणून मी एका माळेच्या अकरा माळा केल्या. एकादशी निर्जळी धरली. जप करताना डोळे मिटायचे आणि बाबांचा शेवटचा फोन आठवायचा, जो मी मीटिंगमध्ये होते म्हणून कट केला होता. अकराव्या माळेला मी पहिल्या माळेपेक्षा जास्त रडवेली असायचे.

त्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवघरापुढे उभी होते आणि एकदम सगळं पांढरं झालं. कानात घुमायला लागलं. क्षणभर वाटलं, काहीतरी अनुभूती येतेय! मग गुडघे वाकले आणि मी फरशीवर बसले. अनुभूती कसली हो, पारणंच सोडायला विसरले होते. दुपारचे दोन वाजले होते आणि आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. द्वादशीला वेळेत पारणं करणं हाही एकादशीच्या व्रताचाच भाग आहे. मी न खाण्याची हौस भागवली आणि खाण्याचं व्रत मोडलं.

त्या दिवसांत आजीचा रोज संध्याकाळी सातला फोन यायचा. बाबांची आई. वाईजवळच्या खेड्यात एकटी राहते. तिचे तीनच प्रश्न असायचे. "जेवलीस का? झोप लागली का? भाईर जाऊन आलीस का?" रोज तेच. एके दिवशी माझा संयम सुटला. म्हटलं, "आजी, माझे बाबा गेलेत आणि तू मला भाजी कसली केली ते विचारतेस!"

पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "माझा बी ल्योक गेलाय, बाळा."

मी गप्प. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या महिनाभरात मी ते एकदाही धरून पाहिलं नव्हतं. मग तिनेच सांगितलं. "सकाळी उठवत न्हाई मला. पन तुळशीला पानी घालाया उठावं लागतं. ती वाळली म्हून त्यो का परत येनार हाय? तिला घालते, मग म्या बी दोन घोट पिते. मग चूल पेटवते. असा दिस काढते."

फोन ठेवल्यावर मी उठून एक ग्लास पाणी प्यायले. अगदी खरं सांगते, त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. त्या पाण्याने बाबा परत आले नाहीत. पण डोकं ठणकायचं थोडं थांबलं. मग भूक लागली. मग दहीभात कालवला. जेवल्यावर रडू आलं, ते मात्र मोकळं रडू होतं. आठ दिवसांत पहिल्यांदा मी बाराच्या आत झोपले.

भर युद्धातला थांबा

यानंतर काही दिवसांनी रोजच्या वाचनात द्रोणपर्व आलं, आणि आजी जे सांगत होती ते मला तिथे सापडलं.

युद्धाचा चौदावा दिवस. आदल्या दिवशी अभिमन्यू मारला गेलाय. अर्जुनाने प्रतिज्ञा केलीय की उद्या सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्नीत प्रवेश करीन. जयद्रथाला द्रोणाचार्यांनी सैन्याच्या पार मागे, व्यूहांच्या आत ठेवलंय. म्हणजे अर्जुनाला अख्खं कौरवसैन्य कापत जायचंय, सूर्य वर सरकतोय, आणि मनात पोटच्या पोराचं दुःख आहे. याहून मोठी घाई कुणाला असेल?

आणि बरोबर मध्यावर अर्जुनाच्या लक्षात येतं की घोडे थकलेत. अंगात बाण रुतलेत. जयद्रथ अजून लांब आहे. तो श्रीकृष्णांना म्हणतो, घोडे सोडावेत, बाण काढावेत, मला हेच बरं दिसतं. श्रीकृष्ण म्हणतात, माझंही हेच मत आहे.

मग अर्जुन रथातून खाली उतरतो आणि पायी उभा राहून चारी बाजूंनी येणारं सैन्य एकटा थोपवतो. घोड्यांना प्यायला पाणी नाही म्हटल्यावर बाण मारून जमिनीतून पाणी काढतो. बाणांचाच निवारा उभा करतो. आणि त्या निवाऱ्यात भगवान काय करतात? घोडे सोडतात. स्वतःच्या हातांनी एकेक बाण उपसतात. अंगावरून हात फिरवतात, चोळतात. पाणी पाजतात. अंघोळ घालतात. चारा घालतात. घोड्यांचा शीण गेला की मगच त्यांना पुन्हा रथाला जुंपतात.

भर युद्धात! बाहेर बाणांचा पाऊस पडतोय आणि आत जगाचा स्वामी घोडे खरारतोय.

कठोपनिषदात एक रूपक आहे, तुम्ही ऐकलं असेल. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं म्हणजे घोडे. ते रूपक आणि हा प्रसंग शेजारी ठेवून बघा. आपण दिवसभर काय करतो? घोडे थकलेत, अंगात बाण आहेत, तोंडाला फेस आलाय, आणि आपण लगाम ओढतोय. मन आवर, मन आवर. जप वाढव. पॉझिटिव्ह विचार कर. लगाम ओढून तहानलेला घोडा पळत नाही. त्याला पाणी लागतं.

या प्रसंगाने माझं एक जुनं भूत उतरवलं. शरीराकडे बघणं म्हणजे देहबुद्धी, स्वार्थ, भक्तीपासून ढळणं असं मला वाटायचं. पण ज्या कामाला मी हलकं समजत होते, ते काम प्रत्यक्ष भगवंतांनी हातांनी केलंय, तेही अर्जुनाच्या आयुष्यातल्या सगळ्यात घाईच्या दिवशी. तेव्हा तुम्ही दुपारी दोन घास वेळेवर खाता तेव्हा देवाकडे पाठ फिरवत नसता. त्याचाच हात तुमच्या पाठीवरून फिरत असतो असं समजा.

मग रोज काय करायचं?

श्लोकातल्या पाच गोष्टी धरूनच सांगते. मी ज्या करते आणि ज्यांनी मला फरक पडला, तेवढ्याच.

१. जाग: आधी पाणी आणि उजेड, मग फोन. उठल्या उठल्या आपल्या तळहातांकडे बघायची आपली जुनी पद्धत आहे. हात रिकामे असतात तेव्हाच ते दिसतात. हातात फोन असेल तर तळहात दिसणार कसे? तळहात बघा, नाव घ्या, तुळशीला नाहीतर कुंडीतल्या कुठल्याही रोपाला पाणी घाला आणि मग स्वतः ग्लासभर प्या. ते पाणी गॅलरीत किंवा खिडकीत उभं राहून प्या. सकाळच्या उजेडाने शरीरातलं घड्याळ लागतं, आणि रात्रीची झोप त्या घड्याळावर चालते. म्हणजे रात्री झोप यावी याची तयारी सकाळीच होते.

२. आहार: दिवसातलं एक जेवण नैवेद्यासारखं. तिन्ही नाही जमणार, माहितीये. एक धरा. वेळ ठरवा, ताट घ्या, बसा. बाहेरून मागवलं असेल तरी प्लॅस्टिकच्या डब्यातून ताटात काढा. क्षणभर देवाला दाखवा आणि फोन पालथा ठेवून जेवा. नैवेद्य म्हटलं की आपण आपोआप बरं, ताजं आणि बेताचं वाढतो. देवाला कुणी रात्री अकराला उभ्याउभ्या मॅगी दाखवत नाही! आणि ज्यांना माझ्यासारखी उपासाची हौस आहे त्यांनी सोळावा श्लोक पुन्हा वाचावा. अजिबात न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, हे भगवंतांनी स्पष्ट सांगितलंय. मन आधीच खचलं असेल त्या दिवसांत कडक उपास धरू नका. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

३. विहार: पंधरा मिनिटं पावलं. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. आपल्याकडे चालणं हीच साधना आहे, मग सोसायटीला दोन फेऱ्या मारायला कसली लाज? हेडफोन घरी ठेवा. पावलागणिक नाव. जवळ देऊळ असेल तर तिथवर जा, क्षणभर उभं राहा, परत या. हरिपाठाच्या पहिल्याच अभंगात माउलींनी मागितलाय तो एक क्षणच.

४. कामातली धडपड: हातांनी एक छोटं काम पुरं करा. गीतेत इथे 'चेष्टा' असा शब्द आहे. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, संस्कृतात हालचाल, धडपड. अंथरूण घडी करणं, देवाची भांडी घासणं, निरांजनाच्या चार वाती वळणं. पाच मिनिटांत सुरू होऊन पाच मिनिटांत संपेल असं काहीही. उदास माणसाला वाटतं, माझ्याच्याने काहीच होत नाही. घासून लख्ख झालेलं तांब्याचं ताम्हण त्याला समोरून सांगतं की झालं की, हे बघ.

५. झोप: तिचा मान. यावर जरा जास्त बोलते, कारण आपल्या पिढीचा सगळ्यात मोठा बाण इथेच रुतलाय. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, किमान हात पोचणार नाही इतक्या लांब. गजरासाठी साधं घड्याळ आणा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. त्यातलं कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सातला कॉफी घेतली तर मध्यरात्रीही ती अंगात असते, आणि आपण म्हणतो, देवा, झोप का येत नाही?

अंथरुणावर पडलात की दहा श्वास मोजा. श्वास घेताना 'राम कृष्ण', सोडताना 'हरी', आणि सोडायचा तो घेण्यापेक्षा लांब, सावकाश. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे शरीराचंच गणित आहे. भजनात आपण लांब ओळी एका श्वासात म्हणतो तेव्हा नकळत हेच करत असतो. भजनानंतर शांत वाटतं त्यात नामाचा महिमा आहे, आणि नाम ज्या श्वासावर बसून येतं त्याचाही थोडा वाटा आहे. श्वासही त्याचाच, नाही का?

दासबोधाच्या अकराव्या दशकात समर्थांनीही शिकवण सांगताना सुरुवात पहाटे उठण्यापासून केलीय. संतांना दिनक्रम कधी क्षुल्लक वाटला नाही. आपल्यालाच वाटतो.

राखण कोण करणार?

प्रसंगातली एक गोष्ट राहिली. भगवान घोडे चोळत होते, कारण बाहेर अर्जुन उभा होता. दोन्ही कामं लागतात. पाणी पाजायचं आणि तेवढा वेळ कुणाला आत येऊ द्यायचं नाही.

आपण सवयी ठरवतो आणि राखण विसरतो. म्हणून चौथ्या दिवशी मोडतात. जेवायच्या वीस मिनिटांत ऑफिसचा ग्रुप म्यूट करणं, ही राखण. 'नऊनंतर मी कॉल घेत नाही' असं शांतपणे सांगणं, ही राखण. कधी आपलीच आपल्याला राखण करता येत नाही, इतकं गळून गेलेलं असतं. तेव्हा दुसऱ्याला सांगा. आईला, मित्राला, रूममेटला. "रोज साताला मला फोन करून विचार, जेवलीस का." मला असा फोन रोज येत होता आणि मी चिडत होते. माझ्यासाठी बाणांचा निवारा उभा करणारी ती वाईची म्हातारी होती, हे कळायला मला द्रोणपर्व वाचावं लागलं.

'पटकन' म्हणजे किती?

आता त्या मुलीला खरं उत्तर द्यायचं तर असं: पाणी, दहा सावकाश श्वास, तोंडावर गार पाण्याचा हबका, यांनी काही मिनिटांत थोडं हलकं वाटतं. चालून आल्यावर अजून थोडं. झोप रुळावर यायला मात्र दिवस लागतात. आणि ज्याचं माणूस गेलंय त्याच्या दुःखाला त्याचा स्वतःचा वेळ लागतो. त्याला घाई करू नये.

घोड्यांना पाणी पाजल्याने जयद्रथ पडला नाही. सूर्यही थांबला नाही. पुढची लढाई अर्जुनाला लढावीच लागली. पण रथ चालायला लागला. पटकन होतं ते एवढंच, आणि एवढं पुष्कळ आहे. सहाव्याच अध्यायात मन स्थिर करायचं सांगताना भगवंत 'हळूहळू' हा शब्द दोनदा म्हणतात. आणि दुसऱ्या अध्यायात ते धीर देतात की या वाटेवरचं अगदी थोडं केलेलंही मोठ्या भयातून सोडवतं. थोडं. पाचांपैकी एक जमलं तरी ते वाया जात नाही.

एक गोष्ट अगदी गंभीरपणे

दोन आठवडे झाले तरी उदासी हटत नाही, झोप-भूक पार उडालीय, रोजची कामं होत नाहीत, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. कुणीतरी म्हणेल, 'देवावर विश्वास नाही का?' त्याला हा प्रसंग सांगा. घोड्याच्या अंगातला बाण काढावा लागतो. वरून नुसता हात फिरवून भागत नाही, आणि तो काढायला जाणता हात लागतो. मीही शेवटी समुपदेशकाकडे गेले. कट केलेल्या त्या फोनबद्दल मी पहिल्यांदा तिथे बोलले. माझी माळ त्यामुळे तुटली नाही, उलट हातात टिकली.

आणि जगणंच नको असं मनात येत असेल, तर आत्ता, वाचन थांबवून, कुणाला तरी सांगा. भारत सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. अर्जुनानेही धनुष्य टाकल्यावर पहिली गोष्ट काय केली? जवळच्याला सगळं सांगितलं. गीता तिथूनच सुरू झाली.

आजचा संकल्प

पाचांपैकी एकच निवडा. सोपी वाटेल ती. सात दिवस करा. चुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा, दंड म्हणून दुप्पट करू नका. माझी तुळशीची कुंडी अजून आहे. आजीने रोप दिलंय. सकाळी तिला पाणी घालते आणि उरलेलं तिथेच उभी राहून पिते. बाबांची आठवण येते. येऊ दे.

विठ्ठला, आमच्या घोड्यांच्या अंगात किती बाण आहेत ते तुला दिसतंय. आम्ही लगाम ओढून ओढून दमलो. आता तू जरा थांबव. पाणी तू पाज. आणि आमच्यासाठी बाहेर उभं राहणाऱ्या सगळ्यांना सुखात ठेव.

बरं, पाणी प्यायलात का आज? जा, आधी पिऊन या.

उद्या पुढचे दोन श्लोक, जिथे वारा नसलेल्या जागी दिवा कसा तेवतो ते भगवंत सांगणार आहेत.

राम कृष्ण हरी.